गाडीचे गुडघे

भरे, ता. मुळशी
बुधवार, १४ नोव्हेंबर २००७

विलास,

काल, मंगळवार दि. १३ नोव्हेंबर २००७ रोजी सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी माझी गाडी म्हसोबासमोरून मान ताठ ठेवून निघून गेली, आणि साडेपाचच्या आत गावाने पुढे धावून माझा रस्ता बंद केला. याला जबाबदार तू आहेस. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र दूधवाल्या बहिरूच्या हाती पिरंगुटला पाठवते आहे. तू उत्तर लिहीपर्यंत तुझ्या गॅरेजातून हलायचे नाही, असे मी त्याला बजावले आहे.

गाडी मी तुझ्याकडे ऑइल बदलायला दिली होती. परत देताना तू म्हणालास, "बाई, आता बघा कशी पळतीया!" पळते, हे खरे. पण ती वीतभर उंच झाली आहे. माझ्या भाच्याने, अनिमेषने, अमेरिकेला जाताना ही स्पोर्ट्स कार माझ्या नावावर केली, तेव्हापासून तीन वर्षे मी या गाडीत उतरत होते. काल मला तीत चढावे लागले. नवरदेव घोड्यावर चढतो तशी चढले. मागे वाजंत्री नव्हती एवढेच.

काट्यांपाशी उतरून खाली वाकून पाहिले. चार इलेक्ट्रॉनिक शॉक ॲब्सॉर्बर गायब! त्यांच्या जागी काळे, साधे, कुठल्याही मालवाहू गाडीला असतात तसले. त्यांच्याकडे जाणाऱ्या वायरी तू गाठी मारून सोडून दिल्या आहेस, धोतराचा सोगा खोचावा तशा. स्टिअरिंगच्या पुढचा पिवळा दिवा अखंड जळतो आहे, आणि तो मला दिसू नये म्हणून तू त्यावर टिकली चिकटवली आहेस. ती कोणाची, हे मी विचारत नाही.

आता मुद्दा. तुला सगळे ठाऊक आहे, तरी लेखी असावे. ज्याने मला हा प्लॉट विकला त्याचा रस्ता नकाशातच राहिला. माझ्या घरी यायला देवस्थानच्या जमिनीतूनच यावे लागते, आणि तिथून गाव कोणाचेही वाहन जाऊ देत नाही. फक्त माझे जाऊ देत असे. कारण म्हसोबासमोरच्या दगडी उंचवट्यावर आले, की त्या शॉकना हुकूम देणाऱ्या संगणकाला काहीतरी व्हायचे, गाडीचे नाक फुस्स करून खाली बसायचे आणि जरा पुढे गेल्यावर पुन्हा उठायचे. गाव म्हणायचे, गाडी नमस्कार करते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बाई. माझ्या लेखी तो बिघाड होता. पण ज्या बिघाडाने रस्ता मिळतो तो कोणी दुरुस्त करून घेत नाही.

तू केलास. आता वाटेवर बाभळीचे काटे टाकले आहेत. गाडी मागे फिरवून बहिरूच्या गोठ्यात म्हशीशेजारी उभी केली आणि मी पायी चढ चढून घरी आले. अनिमेष मला कोथरूडच्या फ्लॅटमध्ये हलवायला टपलेलाच आहे. "मावशी, जिथे रस्ता नाही तिथे एकट्या बाईने राहायचं नसतं," हे त्याचे वाक्य. आता रस्ता नाही. म्हणजे हे घर सोडायची वेळ तू माझ्यावर आणली आहेस, आणि मी ते सोडणार नाही.

जुने शॉक परत बसव.

कुमुद गुप्ते

•

पिरंगुट
१६ नोव्हेंबर

कुमुदबाईंना विलास गोळेचा साष्टांग नमस्कार.

बहिरू दोन दिवस येऊन उभा ऱ्हातोय. गिऱ्हाइकांना वाटतंय वसुलीला आलाय. म्हणून लिवतोय.

बाई, तुमी रागावू नका. त्यो नमस्कार नव्हता. गाडीचं गुडघं गेलं हुतं. पुढच्या दोनी शॉकअपमधनं तेल गळत हुतं. तसला माल हितं मिळत न्हाई, जर्मनीवरनं मागवावा लागतोय. तवर तुमी काय बैलगाडीनं फिरणार? मी आपला म्हटलं, साधं बसवू, बाई खूश हुतील. नवंकोरं हायेत. पिकअपचं न्हाईत.

टिकली आमच्या मंडळींची, प्रियाची हाय. दिवा लई डोळ्यात जात हुता म्हणून तिनं सवताच्या कपाळाची काढून दिली. तिला नावं ठेवू नका.

जुनं शॉकअप भंगारात गेलं. भंगारवाला कुटला हुता त्ये आठवत न्हाई.

एक युक्ती सांगतो. म्हसोबाम्होरं आलं की ब्रेक कचकून दाबा. गाडी नाक खाली घालंल. कुणाला काय कळतंय?

आपला
विलास

•

भरे
सोमवार, १९ नोव्हेंबर २००७

श्री. विठ्ठलराव पवळे
अध्यक्ष, म्हसोबा देवस्थान, भरे

महाशय,

काल रविवारी देवाला आलेल्या सर्व मंडळींसमोर मी माझ्या गाडीचा नमस्कार घडवून आणला. तो नाकारण्यात आला. ही तक्रार त्याबद्दल आहे.

मी रीतसर काटे बाजूला करवून घेतले. गाडी उंचवट्यावर आणली आणि ब्रेक दाबला. गाडीचे नाक खाली गेले, हे उपस्थित सर्वांनी पाहिले. टायर किंचाळले, हे मान्य. नवसाचा कोंबडा हातातून सुटून देवळाच्या पत्र्यावर गेला, हेही मान्य. पण नाक खाली गेले. यावर आपले पुजारी कोंडिबा काय म्हणाले? "बाई, ह्यो नमस्कार न्हाई. ही दचक हाय."

मी विचारले, दचक आणि नमस्कार यांत फरक काय. तर म्हणाले, "नमस्कार आतनं येतो."

गाडीच्या आत मी होते, विठ्ठलराव. मी चाळीस वर्षे टेलिफोन खात्यात काढली, पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाले, आणि माझ्या आतून काय येते हे ठरवायचा अधिकार मी कोंडिबांना दिलेला नाही. लगेच काटे पुन्हा लावले गेले. गाडी मागे घेताना ती ओढ्यात जाता जाता वाचली.

वाहनाने नमस्कार केला नाही तर वाट बंद, हा नियम कोणत्या सभेत झाला? तो लेखी दाखवावा. माझ्यासारख्या बाईवर गावाचा राग असेल तर तो गावाने तोंडावर सांगावा, बाभळीच्या आडून नको.

कुमुद गुप्ते

•

भरे
२२ नोव्हेंबर २००७

श्रीमती कुमुदताई गुप्ते यांस विठ्ठलराव पवळे यांचा नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. आपला गैरसमज झालाय. गाव तुमच्यावर रागावलेलं न्हाई. गाव घाबरलंय.

जी गाडी तीन वर्सं न चुकता वाकत हुती ती एका रोजात ताठ झाली, म्हंजे ती रुसली. लग्नात विहीण रुसली तर आपण पंगत उठू देतो का? आधी रुसवा काढतो, मग वाढतो. रुसलेलं कुणी देवाम्होरनं गेलं, तर देव इचारतो, हिला कुणी दुखावलं? मग त्ये गावावर येतं. म्हणून फांटी टाकली. तुमाला आडवायला न्हाई, तिला समजवायला.

परवा आमच्या रत्नाबाईनं बहिरूच्या गोठ्यात जाऊन गाडीची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. पुढच्या काचेवर तांदूळ दिसतील ते त्येच. "काय दुखतंय बाई तुला?" म्हणून लई इचारलं. गाडी गप्प. म्हैस तेवढी वरडली, आन् खण खाल्ला.

आता एक इचारतो. गेल्या सोमवारी तुमच्या विलास गोळेनं नवस फेडला. उरवड्याच्या कंपनीच्या गाड्यांचं काम मिळालं तर गॅरेजातली सगळ्यात भारी वस्तू वाहीन, आसा त्येचा नवस. काम मिळालं. त्यो चार नळकांडी घेऊन आला. त्येला वायरी हायेत. कोंडिबानं शेंदूर लावून देवाच्या पायाशी वळीनं उभी केलीत. विलास म्हणाला, माझी हायेत, जर्मनीची हायेत. आमी म्हटलं, आसतील.

ताई, ती तुमच्या गाडीची तर न्हाईत? तसं आसंल, तर ती का रुसली त्ये मला समजलं.

आपला
विठ्ठलराव पवळे

•

भरे
शुक्रवार, २३ नोव्हेंबर २००७

विलास,

नवस तुझा आणि गुडघे माझ्या गाडीचे!

भंगारवाला कुठला होता ते आठवत नाही म्हणालास. मी आठवण करून देते. तो दगडाचा आहे, त्याच्या अंगाला शेंदूर आहे, आणि त्याने तुला उरवड्याचे काम मिळवून दिले. 

आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर बर्नार्ड म्हणत, चोरलेल्या तेलाने दिवा लावला तर देवाला दिव्याआधी हात दिसतात. त्या बेल्जियमच्या होत्या, पण तुला चांगल्या ओळखत होत्या असे वाटते.

तुझ्या या भक्तीपायी माझे घर चालले आहे. काल अनिमेषचा फोन आला. पंधरा डिसेंबरला तो स्वतः येतो आहे. कोथरूडच्या फ्लॅटला लिफ्ट आहे, खाली देऊळ आहे, शेजारी माझ्या वयाच्या सहा बायका आहेत, असे त्याने मला आमिष दाखवले. सहा!

शॉक आज संध्याकाळपर्यंत देवळातून काढून आण.

कु. गु.

•

पिरंगुट
२५ नोव्हेंबर

बाई,

पाया पडतो. पण तुमी न्याय करा. नवस बोललो तवा मला वाटलं, सगळ्यात भारी वस्तू म्हंजे आपला कॉम्प्रेसर. काम मिळाल्यावर ध्यानात आलं, कॉम्प्रेसर बँकेचा हाय. जॅक मेव्हण्याचा. पाना-पेटी बापाची, ती त्यो देत न्हाई. माझं म्हणावं आसं गॅरेजात काय हाय? एक खुर्ची. ती पण तुमीच दिलेली.

तेवढ्यात तुमची गाडी आली. तेल गळत हुतं ही खोटी गोष्ट न्हाई. म्हणून शॉकअप काढला आन् बाकड्यावर ठिवला. कुणी हात लावला न्हाई, वारं न्हाई, आन् त्यो आपला आपण फुस्स करून खाली बसला. आमचा मेकॅनिक सुनील, त्यो कुटल्या देवाला मानत न्हाई, त्येनं चपला काढल्या. म्हणला, "दादा, हे आपलं न्हाई." मग मी तरी काय करू?

तुमाला इचारलं आसतं तर तुमी न्हाईच म्हटलं आसतं. म्हणून इचारलं न्हाई.

परत मागायला गेलो हुतो. कोंडिबा म्हणाला, वाहिलेलं परत नेतोस, मग काम पण परत देशील का? बाई, बत्तीस गाड्यांचं काम हाय. आन् शेंदूर पार आत गेलाय, आता ते शॉकअप कुटल्याच गाडीला चालणार न्हाईत.

तुमच्यासाठी दुसरी येवस्था करतो. डंपरचा हायड्रोलिक जॅक तुमच्या गाडीला पुढनं बसवतो. बटण दाबलं की वाकंल, सोडलं की उठंल. म्हसोबा, मारुती, चर्च, जितं म्हणाल तितं. फक्त विठ्ठलरावांना ते तुमचे हायेत म्हणून सांगू नका. माझा नवस मोडंल.

विलास

(तुमच्या गाडीला बसवलेले शॉकअप पिकअपचे हायेत. पण नवे हायेत.)

•

भरे
मंगळवार, २७ नोव्हेंबर २००७

श्री. विठ्ठलराव पवळे यांस,

होय. ती चार नळकांडी माझ्या गाडीची आहेत. विलास गोळे यांनी ती मला न विचारता काढली आणि स्वतःची म्हणून वाहिली. त्यांच्या नवसाचे काय व्हायचे ते म्हसोबा आणि ते बघून घेतील. बत्तीस गाड्यांवर मी डोळा ठेवत नाही.

पण आता तुमच्याच रीतीने हिशेब मांडू. वस्तू ज्याची, वाहिल्याचे पुण्य त्याचे. म्हणजे ते गुडघे माझ्या गाडीने देवाला वाहिले.

पूर्वी माझी गाडी जाता-येता, दिवसातून दोनदा वाकत असे, आणि लगेच उठून कामाला लागत असे. साधा रोजचा नमस्कार. आता तिचे चारही गुडघे देवाच्या पायाशी टेकलेले आहेत. रात्रंदिवस, उन्हापावसात. आता ती उठतच नाही, विठ्ठलराव. तुमच्या वाटेवरून ताठ जाते ते नुसते धड.

रुसलेले कोणी आपले गुडघे काढून देवाला देते का? संबंध तालुक्यात, लवासाकडे जाणाऱ्या मोठमोठ्या गाड्यांसकट, एवढी भक्ती केलेले दुसरे वाहन दाखवा. ते आणा, आणि मग माझ्या वाटेवर काटे टाका.

कोंडिबांना हे वाचून दाखवावे. नमस्कार आतून यावा लागतो, असे ते म्हणाले होते. हे चार भाग आतूनच काढलेले आहेत.

कुमुद गुप्ते

•

भरे
३ डिसेंबर २००७

श्रीमती कुमुदताईंना विठ्ठलरावांचा नमस्कार.

काल देवळात बैठक भरली. तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचलं. "आता ती उठतच नाही" हितं कोंडिबा रडला. परत वाचा म्हणाला. परत वाचलं, परत रडला. बैठक मोडली ती तितंच. फांटी लगेच काढली. वाट मोकळी हाय.

विलासलाही बोलवलं हुतं. त्यो म्हणाला, चुकलो. गावानं ठरवलं, तुमची गाडी त्यानं हयातभर फुकट बघायची. त्यात त्येचा नवस फिटला आसं धरायचं. कंपनीचं काम त्येच्याकडंच ऱ्हाईल. प्रियानं मंदिरात टिकल्यांचं पाकीट वाहिलं.

आता एक गोष्ट ऱ्हायली. तुमच्या पत्रावरनंच निघाली. ज्येचे गुडघे देवापाशी, त्येचं धड दुसऱ्याचं कसं आसंल? जुन्या लोकांनी इचार केला. पूर्वी गावात देवाला वळू सोडायचे. खूर डागला, अंगारा लावला, की त्यो कुणाचा न्हाई, देवाचा. त्यो कुणाच्याही रानात शिरला तरी कुणी हाकलायचा न्हाई, त्येची वाट कुणी आडवायची न्हाई. तशी ही गाडी आता देवाला सोडलेली, आसं बैठकीत ठरलं. सगळ्यांनी हात वर केले. रत्नाबाईनं दोनी.

तरी विनंती अशी, की गाडी आता देवळापाशीच ठिवावी. पाडव्यापत्तुर पत्र्याची शेड घालू. रविवारी गुडघ्यांच्या दर्शनाला लोक यायला लागलेत. शेजारच्या चांद्याहनं कॉम्प्युटरवाली पोरं पण येत्यात, फोटो काढत्यात, कुणी म्हणतंय नोकरी टिकावी म्हणून येतो. वाट तुमाला चालत जायला चोवीस तास मोकळी हाय. काठी लागली तर गाव देईल.

आपला
विठ्ठलराव पवळे

•

भरे
बुधवार, ५ डिसेंबर २००७

श्री. विठ्ठलराव पवळे
अध्यक्ष, म्हसोबा देवस्थान, भरे

महाशय,

आपले ३ तारखेचे पत्र मिळाले. काठी नको.

बैठकीचा ठराव मला पूर्ण मान्य आहे. गाडी देवाची. मी हात वर करायला तिथे नव्हते, म्हणून इथे लेखी करते. आता देवाला सोडलेल्या वळूचे नियम आपण स्वतःच लिहून दिले आहेत, ते पाळू.

देवाच्या वळूला दावे नसते. त्याला शेडमध्ये उभा करून ठेवणे हा देवाचा अपमान आहे, आणि तो मी होऊ देणार नाही. तो हिंडतो, मनाला येईल तिथे जातो, आणि त्याची वाट कोणी अडवत नाही, हे आपलेच शब्द. या वळूच्या मनात रोज सकाळी पिरंगुटला जाऊन पाव आणि वर्तमानपत्र आणायचे असते, आणि सायंकाळी वाटेच्या शेवटच्या घरी परतायचे असते. त्याचे मन मला तीन वर्षे माहीत आहे.

वळू आपला आपण चालतो. हा चालत नाही. याला चालवावे लागते. विलासने परवा तो गोठ्यातून बाहेर काढायचा प्रयत्न केला आणि शेणखड्ड्यात घातला, हे बहिरूने पाहिले आहे. सुनील आत बसायलाच तयार नाही. कोंडिबा बसले, पण त्यांना क्लचला पाय पुरेना. तेव्हा देवाची गाडी चालवू शकणारी व्यक्ती गावात एकच आहे.

म्हणून देवस्थानने मला देवाच्या गाडीची चालक म्हणून रीतसर नेमावे. पगार नको. राहण्याची जागा मात्र चालकाला गाडीजवळच असावी लागते, आणि वाटेच्या शेवटी माझे घर आहेच. चालक ठरावीक वयात निवृत्त होईल असे नेमणूकपत्रात कुठेही येता कामा नये. मी एकदा निवृत्त झाले आहे, मला ते मानवले नाही.

दर रविवारी सकाळी आठ ते दहा गाडी दर्शनासाठी उंचवट्याजवळ उभी करीन. लोकांनी हात जोडावेत, गाडीवर शेंदूर लावू नये. ओटी भरायची असेल तर बॉनेटवर भरावी, काचेवर नको. तांदूळ वायपरमध्ये अडकतात. नोकरीसाठी येणाऱ्या पोरांनी इंजिनाला कान लावू नये. त्यात काही ऐकू येत नाही, मी लावून पाहिला आहे.

आता घाई का, ते सांगते. अनिमेष पंधरा तारखेला उतरतो. म्हातारी मावशी डोंगराच्या पायथ्याशी एकटी राहते, एवढेच त्याला ठाऊक आहे, आणि तेवढ्यावर तो मला टेम्पोत घालून कोथरूडला नेईल. देवाच्या चाकरीत असलेल्या बाईला तो हलवू शकत नाही. त्याची आई, माझी धाकटी बहीण, त्याला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. तिला या गोष्टीत माझ्याइतकी अक्कल नाही, हे पहिल्यांदाच माझ्या उपयोगी पडते आहे.

तरी देवस्थानच्या शिक्क्यासह आणि अध्यक्षांच्या सहीसह लेखी नेमणूकपत्र शुक्रवार, दि. १४ डिसेंबर २००७ रोजी सायंकाळी पाच वाजण्याच्या आत माझ्या घरी पोचले पाहिजे. बैठक पुढे ढकलली, कोरम भरला नाही, अध्यक्ष लग्नाला गेले, यांपैकी एकही कारण ऐकले जाणार नाही. उशीर झाल्यास मी गाडी देवळासमोर आडवी लावून आत बसून राहीन, आणि देवाची गाडी हलवायचा अधिकार गावाला नाही, हे तुमच्याच ठरावात आहे.

कौल लावून तोंडी होकार कळवू नये. देवाचा शब्द मी मानते. सही मात्र मला तुमची हवी.

कुमुद गुप्ते